सोलापुरात विणताना: टाका कुठे चुकतो आणि सूत कुठे चुकतं

सोलापुरात दोन सुयांवर विणणाऱ्यांची अडचण अशी, की नमुने लोकरीसाठी लिहिलेले आणि हवा सुताची. डिसेंबर-जानेवारीतली पहाट आणि संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेतली रात्र सोडली, तर इथे जाड लोकर अंगावर सहन होत नाही. म्हणून बाळाचं टोपडं असो, झबल्यावरचं जाकीट असो की मोठ्यांचं बिनबाह्यांचं स्वेटर, शहाणा माणूस सुताकडे वळतो. मग तोच नमुना, त्याच सुया आणि तेच टाके घेऊनही बॉर्डर सैल पडते, खांदे लोंबतात, कडा वेड्यावाकड्या दिसतात. हाताला दोष देण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. लोकर ताणली की परत आपल्या जागी येते, सूत येत नाही. लोकरीच्या धाग्यात नैसर्गिक कुरळेपणा असतो, तो टाक्याची लहान-मोठी चूक पोटात घालतो. सुताचा धागा सरळ असतो आणि प्रत्येक चूक जशीच्या तशी दाखवतो. खालच्या अनेक अडचणींचं मूळ इथेच आहे.

आधी धागा ओळखा

दुकानात ‘लोकर’ म्हणून जो गोळा मिळतो तो बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतो. वेष्टनावर लिहिलेलं असतंच, पण सुटा गोळा किंवा घरात पडलेला जुना धागा असेल तर जाळून पाहा. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, काडीने पेटवा. सूत कागदासारखं भरभर जळतं, कागदासारखाच वास येतो आणि मऊ करडी राख राहते. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आच काढली की विझते आणि मागे चुरा होणारा काळा कोळसा राहतो. अॅक्रिलिक वितळत जळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. तो मणी लगेच हातात घेऊ नका, चटका बसतो.

अॅक्रिलिक वाईट नाही. कानटोपीसाठी, पहाटे फिरायला जाताना घालायच्या मफलरसाठी ते चालतं, स्वस्त पडतं, कसर लागत नाही. पण ते घाम शोषत नाही, म्हणून तान्ह्या बाळाच्या अंगाला लागून घालायचे कपडे इथल्या हवेत सुताचेच करावेत.

मागाचं सूत सुयांवर आणताना

पूर्व भागात यंत्रमागांची घरं आहेत, चादरी-टॉवेलांसाठी सूत येतं, आणि कोनावरचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रिळावरचं, उरलेलं सूत हाताशी लागतं. १८७०च्या दशकात ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली तेव्हापासून सुताचा नंबर हा या गावाच्या बोलण्यातला शब्द आहे. विणणाऱ्यांनीही तो वापरावा, कारण हिशेब सोपा होतो. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. १ नंबरच्या सुताचा १ किलो सुमारे १,६९३ मीटर भरतो, १० नंबरचा त्याच्या दहापट, म्हणजे १६,९३० मीटर.

आता दुपदरी २० नंबर घ्या, ज्याला २/२० लिहितात. २० नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणजे जाडीने १० नंबरइतके. १०० ग्रॅममध्ये सुमारे १,६९३ मीटर. इतका बारीक धागा सुयांवर कामाचा नाही, पण असे चार धागे एकत्र धरले की १०० ग्रॅममध्ये सुमारे ४२३ मीटर होतात. बाजारातल्या चार पदरी लोकरीची साधारण हीच लांबी, १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास. सहा धागे धरले तर १०० ग्रॅममध्ये २८२ मीटर, म्हणजे डबल निटच्या, चार पदरीहून जाड असलेल्या लोकरीच्या, जवळ. बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांच्या जाकिटाला चार धाग्यांचं १५० ग्रॅम सूत घेतलं तर पुरून थोडं उरतं.

कोनावर नंबर लिहिलेला नसेल तर मोजून काढा. २०० मीटर धागा गुंडाळून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. १२ ग्रॅमच्या आसपास भरला तर तो २/२० च्या जाडीचा आहे. २४ भरला तर दुप्पट जाड, मग चाराऐवजी दोनच धागे पुरतील.

मागाच्या सुतात तीन खोड्या असतात, आणि तिन्ही विणायला बसण्याआधी तपासायच्या असतात.

पहिली खोडी खळीची. ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या, सुताला मागावर तुटू नये म्हणून खळ दिलेली असते. असं सूत हाताला ताठ लागतं, सुईवर खरखरतं आणि विणलेला तुकडा पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. शंका असेल तर ओल्या धाग्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला की खळ आहे. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताला सहसा खळ नसते, म्हणून निवडायला मिळालं तर बाण्याचंच घ्या.

दुसरी खोडी पिळाची, आणि ही सगळ्यात जास्त फसवते. एकपदरी सुतात पीळ एकाच दिशेने असतो आणि तो सुटायला बघत असतो. अशा धाग्याने एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट विणलं की चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. तुकडा एका बाजूला कलतो, आणि कितीही ओढा, इस्त्री करा, पहिल्या धुण्यात परत तिरका होतो. टाके मोजून बरोबर भरतात, म्हणून माणूस चक्रावतो. तपासायला साधारण ६० सेंमी धागा घ्या, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि मधला भाग मोकळा लोंबू द्या. लोंबणारा धागा स्वतःभोवती भराभर वेटोळे घेऊ लागला तर पीळ जिवंत आहे. एकपदरी सुताचे चार धागे एकत्र धरून हे सुधारत नाही, कारण चारही एकाच दिशेला ओढतात. दुपदरी सुतात दुसरा पीळ उलट दिशेने दिलेला असल्यामुळे तोल साधलेला असतो. तेव्हा २/२० घ्या, १० नंबर एकपदरी घेऊ नका, जाडी सारखीच असली तरी. एकपदरीच पदरी पडलं असेल तर सगळ्या सुया सुलट विणा किंवा साबुदाणा वीण (एक टाका सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल) घ्या. सुलट-उलट टाके दोन्ही अंगांना सारखे वाटले गेले की तिरकेपणा एकमेकांत जिरतो.

तिसरी खोडी रंगाची. गडद लाल, जांभळा, निळा हे रंग पाणी सोडतात. पांढऱ्या ओल्या फडक्यात धागा घट्ट दाबून दहा मिनिटं ठेवा. डाग पडला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, आणि तरीही रंग येत राहिला तर त्या धाग्याला पांढऱ्याशेजारी बसवू नका. मीठ किंवा व्हिनेगर टाकल्याने सुताचा रंग पक्का होतो हा समज आहे. व्हिनेगरचा उपयोग लोकरीच्या काही रंगांना होतो, सुताला नाही.

धुण्याची रीत अशी:

१. कोनावरचे चार धागे एकत्र धरून खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळा, म्हणजे लडी तयार होते.
२. लडी चार ठिकाणी पांढऱ्या दोऱ्याने सैल बांधा. दोरा लडीच्या मधून इंग्रजी 8 च्या आकड्यासारखा फिरवून बांधा. नुसती गाठ आवळली तर धुताना गुंता होतो.
३. सोसेल इतक्या गरम पाण्यात थोडा धुण्याचा साबण घालून अर्धा तास भिजवा. खळ असेल तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. बुळबुळीतपणा गेला पाहिजे.
४. न चोळता, न पिळता, दाबून पाणी काढा. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट फेसत नाही आणि पांढुरका थर धाग्यावर बसतो, म्हणून शेवटचं पाणी शक्यतो नळाचं किंवा उकळून निवळलेलं घ्या.
५. सावलीत दांडीवर वाळवा. खाली वजन लटकवू नका. उन्हाळ्यात इथलं ऊन गडद रंग उडवतं, आणि सावलीतही लडी काही तासांत वाळतेच.

धुतल्यावर सूत आटतं ते इथेच आटून घेतं, आणि पुढचं आकुंचन कमी होतं. पूर्ण जात नाही, म्हणून नमुन्याचा तुकडा तरीही धुवायचाच.

सुयांचे नंबर

आपल्याकडच्या सुयांवरचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. नंबर वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५ मिमी. अमेरिकी पद्धतीत उलट, नंबर वाढला की सुई जाड. तिथली ८ नंबर ५ मिमीची. व्हिडिओ पाहून विणणाऱ्यांचं स्वेटर अंगापेक्षा एक माप लहान होतं त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. नंबर विसरा, मिलीमीटर विचारा.

सुताच्या चार मोकळ्या धाग्यांसाठी फार टोकदार सुई घेऊ नका, ती धाग्यांच्या मधून शिरते आणि टाका चिरतो. चिरलेला टाका समोरून लगेच दिसत नाही, दोन ओळींनी एक पांढरी दांडी आडवी बाहेर आलेली दिसते. दिसल्याबरोबर तेवढा एकच टाका खाली सोडून क्रोशाच्या सुईने वर आणा. एप्रिल-मेमध्ये घामाच्या हाताने अॅल्युमिनियमच्या सुया अडखळतात आणि मुलामा गेलेल्या जुन्या सुया पांढऱ्या सुतावर करड्या रेघा सोडतात. त्या दिवसांत बांबूच्या किंवा स्टीलच्या घ्या.

नमुन्याचा तुकडा: इथे घाई नको

विणकाम बिघडतं ते सगळ्यात जास्त इथे. चार पदरी धाग्याच्या नमुन्यात बहुधा १० सेंमीत २८ टाके आणि ३६ ओळी धरलेल्या असतात, डबल निटमध्ये २२ टाके आणि २८ ते ३० ओळी. तुमचे तितके येतात का हे पाहायला दहा-बारा टाक्यांची पट्टी उपयोगाची नाही, कारण कडेचे टाके नेहमी वेगळे असतात. किमान १५ सेंमी रुंद आणि २० सेंमी लांब तुकडा विणा, चारी बाजूंना चार-चार टाक्यांची सुलट पट्टी ठेवून. मधले १० सेंमी मोजा.

मग तुकडा तसाच धुवा जसा कपडा धुणार आहात. यंत्रात धुणार असाल तर यंत्रात. वाळल्यावर पुन्हा मोजा आणि दोन्ही मोजणी लिहून ठेवा. तिसरी पायरी फक्त सुतासाठी. तुकडा दांडीवर वरच्या कडेने अडकवा, खालच्या कडेला पाच-सहा कपड्यांचे चिमटे लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी लांबी मोजा. सूत लोकरीपेक्षा जड असतं आणि कपडा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, ते इथे कळतं. २० सेंमीचे २१ झाले तर ५० सेंमी लांब स्वेटर काही दिवसांत ५२.५ होईल. म्हणजे ते ४७.५ सेंमीवरच थांबवायचं.

दोन टाक्यांनी काय होतं? नमुन्यात १० सेंमीत २२ टाके आणि छाती ९० सेंमी, म्हणून एकूण १९८ टाके. तुमचा हात घट्ट आहे आणि २४ येतात. तेच १९८ टाके आता ८२.५ सेंमी भरतील. साडेसात सेंमी कमी म्हणजे कपडा दुसऱ्याचाच झाला. टाके जास्त येत असले तर एक नंबर जाड सुई घ्या, कमी येत असले तर एक नंबर बारीक. हात सैल किंवा घट्ट करून जमवायला जाऊ नका. तो दहा ओळी टिकतो, मग मूळ सवयीवर येतो आणि तुकड्याच्या मध्यावर रुंदी बदलते.

टाके जुळले आणि ओळी जुळल्या नाहीत तर टाके धरून चाला. लांबी ओळींनी न मोजता टेपने मोजा. मुंढ्याच्या आणि बाहीच्या कमी-जास्तीत मात्र ओळींचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

सुरुवात आणि शेवट घट्ट होणं

टाके घालताना धागा कमी पडू नये म्हणून सुईभोवती दहा वेढे घ्या, उलगडून मोजा, आणि दर दहा टाक्यांना तेवढा धागा धरा. वर १५-२० सेंमी जास्त.

सुरुवातीची कड आवळत असेल तर जाड सुईवर टाके घालण्याचा सल्ला सगळे देतात. त्याने पहिल्या ओळीचे टाके फक्त मोठे आणि ढिले दिसतात, कड सैल होतेच असं नाही. कड आवळते ती टाक्यांच्या उंचीने नाही, दोन टाक्यांमधल्या अंतराने. म्हणून सुई तीच ठेवा आणि प्रत्येक टाका घातल्यावर त्याच्या आणि पुढच्या टाक्याच्या मध्ये उजव्या हाताची तर्जनी टेकवून जागा सोडा. हे एकदा हाताला बसलं की पुन्हा विचार करावा लागत नाही.

गळा बंद करताना हाच प्रश्न जास्त गंभीर, कारण तान्ह्या बाळाचं डोकं ३५ सेंमीच्या आसपास असतं आणि सुताचा गळा तितका पसरत नाही. ताणणारा शेवट असा करा: दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा. उजव्या सुईवर आलेला एक टाका परत डाव्या सुईवर सरकवा. पुन्हा दोन एकत्र. शेवटपर्यंत हेच. तरीही बाळाच्या कपड्याला डाव्या खांद्यावर दोन-तीन बटणं ठेवलेली बरी. गळा डोक्यावरून ओढताना बाळ रडतं, आणि ओढलेलं सूत परत आवळत नाही.

बॉर्डर सैल पडते

एक सुलट एक उलट अशी बॉर्डर लोकरीत रबरासारखी आवळून बसते, सुतात दुसऱ्या दिवशी झालर होते. तीन उपाय आहेत. अंगासाठी १० नंबर वापरत असाल तर बॉर्डरला १२ नंबर घ्या आणि टाके दहात एक कमी घाला. तेवढ्याने भागलं नाही तर सुलट टाके मागच्या पायातून (सुईवरच्या फासाच्या मागच्या बाजूतून) विणा, परतीच्या ओळीत तेच टाके उलट असतील तेही मागच्या पायातून. पिळलेला टाका कमी पसरतो आणि सुतावर उठून दिसतो. तिसरा उपाय बारीक पारदर्शक इलॅस्टिक धागा बरोबर विणण्याचा. मोज्यांना तो चांगला, पण बाळाच्या कपड्यात नको, धुऊन-धुऊन तो तुटतो आणि टोकं टोचतात. माझं मत विचाराल तर सुताच्या स्वेटरला आवळणारी बॉर्डर हवीच असा हट्ट सोडावा. खाली सुलट सुयांची आठ-दहा ओळींची सपाट पट्टी किंवा साबुदाणा वीण इथल्या कपड्याला जास्त शोभते आणि कधी लोंबत नाही.

बॉर्डरमध्ये उलट टाक्याच्या आधीचा सुलट टाका दरवेळी मोठा दिसतो, कारण धागा मागून पुढे आणताना जास्त लागतो. उलट टाका विणून झाला की त्याच क्षणी धागा किंचित ओढून घ्या. तो पुढच्या टाक्याला ओढून उपयोग नाही.

आडव्या पट्ट्या, पिळलेले टाके

एक सुई सुलट, एक सुई उलट विणलेल्या तुकड्यात दर दोन ओळींनी फट दिसत असेल तर तुमचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल आहेत. फार जणींचं असं असतं, फक्त लोकरीत ते लपतं. उलट बाजूची ओळ एक नंबर बारीक सुईने विणा. एका हातात १०, दुसऱ्या हातात ११, बस. तुकड्यावर आधी पाहून घ्या.

सुलट बाजूला टाक्यांचा व्ही आकार खाली बंद होऊन एकमेकांवर चढलेला दिसत असेल, तर टाके पिळले जात आहेत. उलट टाका विणताना धागा सुईवरून वरून खाली आला पाहिजे. खालून वर घेतला की टाक्याचा पुढचा पाय मागे जातो, आणि पुढच्या ओळीत नेहमीसारखी सुई घातली की तो पिळतो. खालून वर घेण्याची सवय लागलेली असेल तर ती मोडायलाच हवी असं नाही, धागा कमी लागतो आणि पट्ट्याही कमी दिसतात. मग सुलट ओळीत सगळे टाके मागच्या पायातून विणा, म्हणजे ते सरळ होतात. दोन्हीपैकी एक रीत ठरवा आणि पूर्ण कपड्यात तीच ठेवा.

टाका सुटला

घाबरून सुया ओढू नका. आधी सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली उसवत नाही. सूत गुळगुळीत असल्याने लोकरीपेक्षा लवकर उसवतं.

सुलट बाजू समोर ठेवा. क्रोशाची सुई समोरून मागे सुटलेल्या टाक्यात घाला. टाक्याच्या वर शिडीसारख्या आडव्या दांड्या दिसतील, त्यातली सगळ्यात खालची दांडी हुकात धरून टाक्यातून पुढे ओढा. एक ओळ वर आली. असंच एकेक दांडी घेत वर या. क्रम चुकला तर मधे गाठीसारखी जागा दिसते. शेवटी टाका डाव्या सुईवर ठेवा, उजवा पाय पुढे राहील असा. सगळ्या सुया सुलट असलेल्या विणीत एका दांडीला समोरून आणि पुढच्या दांडीला मागून ओढावं लागतं. दर वेळी हूक काढून काम उलटवून घेतलं तर चूक होत नाही.

टाका सुटल्यानंतर तुम्ही न पाहता वर आणखी विणलं असेल, तर वरच्या ओळींत त्या टाक्यासाठी धागाच शिल्लक नसतो. दोन-तीन ओळी असतील तर शेजारच्या पाच-सहा टाक्यांतून थोडा थोडा धागा सुईच्या टोकाने सरकवून जागा करता येते. त्याहून जास्त ओळी असतील तर उसवा. सुतात हे झाकलं जात नाही.

उसवायचं ठरलं तर ज्या ओळीपर्यंत जायचं तिच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायाखालून एक बारीक सुई आधी ओवून घ्या. मग बिनधास्त ओढा, धागा त्या सुईवर येऊन थांबतो. जाळीच्या किंवा वेणीच्या विणीत दर नमुन्यानंतर वेगळ्या रंगाचा शिवणदोरा टाक्यांतून ओवून ठेवला तर हा त्रासही वाचतो.

टाके आपोआप वाढतात

ओळीच्या सुरुवातीला वाढले असतील तर धागा सुईवरून मागे टाकलेला होता. पहिला टाका वर ओढला गेला, त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसले आणि दोन्ही विणले गेले. विणण्याआधी धागा सुईखाली आहे ना पाहा. मधेच वाढला आणि भोक पडलं असेल तर उलट टाक्यानंतर धागा मागे न नेता सुलट विणला. तो वेढा पुढच्या ओळीत सुईवरून सोडून द्या, जास्तीचा धागा शेजारच्या टाक्यांत जिरतो. दर २० टाक्यांना रंगीत दोऱ्याची कडी अडकवून ठेवा. पूर्ण सुई मोजत बसावं लागत नाही, कुठल्या वीसात घोळ झाला ते कळतं.

कडा वळणं आणि खांदे उतरणं

एक सुई सुलट, एक उलट या विणीच्या उभ्या कडा मागे वळतात, खालची-वरची कड पुढे वळते. ही चूक नाही, विणीचा स्वभाव आहे. इस्त्रीने तो जात नाही. मफलरसारख्या सुट्या कडांच्या वस्तूला दोन्ही बाजूंना पाच-पाच टाके सगळ्या ओळींत सुलट ठेवा किंवा वीणच बदला. शिवायच्या तुकड्यांना पट्टीची गरज नाही, वळलेली कड शिवणीत जाते.

सुताच्या स्वेटरचे खांदे रुंद होऊन दंडावर उतरतात, ते सगळं वजन खांद्याच्या शिवणीवर येतं म्हणून. खांद्याचे टाके सुईवर तसेच ठेवून तीन सुयांनी एकत्र बंद करण्याऐवजी दोन्ही बाजू वेगवेगळ्या बंद करून शिवा, आणि आतून शिवणीवर अर्धा सेंमी रुंदीची सुती फीत हाताने टाचा. फीत आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर खांदा चुण्या धरतो.

धागा जोडणं

मागावर विणकरी गाठ चालते, कापडात ती दबते. विणकामात गाठ हमखास सुलट बाजूला येऊन बसते. जोड ओळीच्या कडेला घ्या, दोन्हीकडे १५ सेंमी धागा सोडा आणि शेवटी सुईत ओवून आत लपवा. खऱ्या लोकरीची टोकं ओली करून तळहातात चोळली की एकजीव होतात. सूत आणि अॅक्रिलिक असं होत नाही. सुताचे चार धागे असतील तर चारही एकाच जागी संपवू नका, दोन-दोन सेंमीच्या अंतराने एकेक बदला, जोड जाड दिसत नाही.

विकतच्या गोळ्यांवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या गोळ्यांचा नंबर, असतो. रंग तोच आणि लॉट वेगळा असेल तर पट्टा पडतो, आणि तो दिवसाच्या उजेडात दिसतो, ट्यूबलाइटखाली नाही. एक गोळा जास्तच घ्या. वेगळा लॉट घेणं भाग पडलं तर शेवटच्या गोळ्यावर न थांबता आठ-दहा सेंमी आधीपासून दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या अशा विणत जा.

विणून झाल्यावर

सुताचा तुकडा ओला करून सपाट पंच्यावर मापाने मांडा, वाळू द्या, मग वरून ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, घासू नका. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री एकदा टेकली की टाके कायमचे चपटे आणि लुळे होतात, परत येत नाहीत. ते फक्त ओलं करून मांडा. तयार कपडा ओला असताना दांडीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने सुताचं स्वेटर एका दुपारीत लांब होतं. खाटेवर चादर पसरून त्यावर आडवं वाळवा.

ठेवताना लोकर आणि सूत वेगळं ठेवा. कसर खऱ्या लोकरीला लागते, आणि ती धुतलेल्यापेक्षा घामाचे, तेलाचे डाग राहिलेल्या कपड्यांवर आधी जाते. म्हणून जानेवारी संपला की स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला. सुतावर खळ राहिली असेल तर तिच्यासाठी कसर नाही, रुपेरी किडा येतो. सूत खळ देऊन ठेवू नका आणि घडी दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर घडीच्या रेघेवर टाके ताणले जातात.